रविवारची ढकलगाडी

“बाई, तुम्ही शेवटचं कधी हसलात हो?”

प्रश्न भिंगरीच्या तोंडून सुटला आणि वाचनकक्षातले पंखेसुद्धा दचकून थांबले, असं तिला वाटलं. पंखे कुठले थांबताहेत! थांबला होता तो पोस्टमास्तर आजोबांचा वर्तमानपत्र उलटणारा हात. पलीकडे चरित्रांच्या कपाटाआड तिच्या दोघी मैत्रिणी तोंडात रुमाल कोंबून उभ्या होत्या. त्यातल्या एकीला सगळे वकील म्हणायचे, कारण ती शिंकली तरी त्याच्या बाजूने मुद्दे मांडायची. दुसरी काडी. काडी का, ते तिला बघितल्यावर कुणीही सांगितलं असतं.

पैज वकिलाचीच. “कुलूपबाईंना विचारून दाखव. नाही विचारलंस तर आठवडाभर माझं दप्तर तुझ्या पाठीवर.” सार्वजनिक ग्रंथालयाच्या या ग्रंथपाल बाईंना शाळेतली सगळी पोरं पाठीमागे कुलूपबाई म्हणायची. बाईंचे ओठ तसेच मिटलेले असायचे, खट्ट बसल्यासारखे.

भिंगरीचे पाय जन्मापासून गरगरते, म्हणून घरात हे नाव पडलं आणि तेच शाळेपर्यंत पोचलं. आवाज मात्र परवा-परवापर्यंत इतका बारीक, की हजेरीत ती ‘उपस्थित’ म्हणायची आणि सर तिला गैरहजर लिहायचे. मग शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करायला उभी असताना माइक बंद पडला. रडत विंगेत पळायचं की ओरडायचं, एवढे दोनच मार्ग होते. भिंगरी ओरडली. शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत ऐकू गेलं, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून तिचा आवाज जो बाहेर पडला तो पुन्हा आत जायचं नाव घेईना.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आधी भिंगरीकडे, मग चरित्रांच्या कपाटाकडे.

“गेल्या रविवारी,” त्या म्हणाल्या.

“कशावर?”

“ते असं सांगून कळत नाही. इथे असावं लागतं.” बाईंनी एका पुस्तकावर शिक्का मारला. “शनिवार-रविवार मदतीला मला कुणी नाही. आधीची मदतनीस नोकरी सोडून गेली. खाऊचे पैसे सुटतील. येतेस?”

कपाटामागून फुस्स असा आवाज आला. तो काडीचा होता. भिंगरीला खरं तर “विचार करून सांगते” म्हणायचं होतं, पण नवा आवाज तिच्या आधी धावला.

“येते!”

घरी ही बातमी तिने दारातूनच फेकली. आई इस्पितळात एक्स-रे काढायची, त्यामुळे आईपासून काही लपवून उपयोग नाही, आत काय आहे ते तिला दिसतं, असं भिंगरीचं लहानपणापासूनचं मत होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. बंद पडलेल्या वस्तूंशी ते फार प्रेमाने बोलायचे, चालू असलेल्या मुलीशी जरा कमी.

“शनिवार-रविवार?” बाबा म्हणाले. “आणि नव्या सत्रापासून गणिताचा क्लास लावायचाय, त्याचं काय? तोही शनिवार-रविवारच.”

“सत्राला अजून दोन महिने आहेत.”

“जाऊ दे हो,” आई म्हणाली. “दुसऱ्या रविवारीच कंटाळेल.”

“दुसऱ्या? ही लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यापर्यंत जाताना कंटाळते.”

“मी अजिबात कंटाळणार नाही,” भिंगरी म्हणाली. “उलट नव्या सत्रातही जाणार.”

“तेव्हाचं तेव्हा बघू,” बाबा म्हणाले. त्यांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’चा मावसभाऊ, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या शनिवारी बाईंनी तिच्या हातात एक फडकं दिलं आणि तिला ढकलगाडीपुढे उभं केलं. लोखंडाची, तीन फळ्यांची, एका चाकाने कुरकुरणारी गाडी. परत आलेली पुस्तकं तिच्यावर जमायची. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर आकडा चिकटवलेला. तो वाचायचा, कपाट शोधायचं, दोन शेजाऱ्यांना जरा सरकवायचं आणि मधल्या जागेत पुस्तक बसवायचं.

“चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक,” बाई म्हणाल्या. “आणि भरलेली गाडी म्हणजे पसारा. माझ्या ग्रंथालयात मला पसारा चालत नाही. आठवडाभर मी गाडी रिकामी करूनच घरी जाते. शनिवार-रविवार मात्र एकटीच्या हाताला ते काही जमत नाही. टेबल सोडता येत नाही ना.”

“आता मी आलेय ना!” भिंगरी म्हणाली.

तासाभरात पहिला खजिना सापडला. एका जाडजूड कादंबरीच्या मधोमध, खुणेसाठी ठेवलेलं कांद्याचं साल. चांगलं वाळून कडक झालेलं. भिंगरीने ते दोन बोटांत धरून टेबलापाशी नेलं.

“बाई, हे पुस्तक वाचून कुणीतरी खरोखरच रडलंय.”

बाईंनी सालाकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि त्या हसल्या. चांगल्या हसल्या, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग चष्मा पुसून म्हणाल्या, “गेल्या रविवारी मोजा निघाला होता. नवीन होता, पण एकच.”

मैत्रिणींना हे सांगितल्यावर वकील म्हणाली, “पुरावा?” विषय तिथेच संपला.

पण त्याच दिवशी, संध्याकाळी दिवे मालवताना, बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. रविवारी ग्रंथालय उघडं ठेवायचं की नाही, हे ठरायचं होतं. ग्रंथालयाच्या मंडळाचे अध्यक्ष फरशांचे व्यापारी होते, आणि फरशी जशी हातात घेऊन वाजवून बघतात तशी ते प्रत्येक गोष्ट वाजवून बघायचे. रविवारी पंखे फिरतात, दिवे जळतात आणि माणसं मात्र मूठभर, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते स्वतः येऊन बसणार होते. गर्दी दिसली तर रविवार राहणार, नाही तर कायमचा बंद.

“मग माझं?” भिंगरीने विचारलं.

“रविवार गेला की शनिवारचं मी एकटी ओढून नेईन. तुझी गरज उरणार नाही.”

घरी बाबांना कळल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “मग प्रश्नच मिटला. ग्रंथालयाचा रविवार बंद, आपला क्लास सुरू.”

भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. एका दिवसात तिला ग्रंथालय इतकं आवडलं होतं का? खरं सांगायचं तर नव्हतं. पण कामाला लागते न लागते तोच ‘तुझी गरज उरणार नाही’ हे ऐकणं तिला सोसत नव्हतं. आता तिला तो रविवार हवाच होता.

दुसऱ्या रविवारी मात्र सगळी हवा गेली. पाठ आखडली. नाकात धूळ गेली. खिडकीबाहेरून वकील आणि काडी सायकलवरून गेल्या, दोघींच्या खांद्यावर टॉवेल, पोहायला निघालेल्या. काडीने तर हँडल सोडून दोन्ही हातांनी टाटा केला. भिंगरीने काचेला नाक लावून बघितलं आणि काचेवर नाकाचा गोल ठसा उमटला. तोही पुसावा लागला.

“तोंड का पायापर्यंत आलंय?” बाईंनी विचारलं.

“सगळं जग मजा करतंय.”

“आणि आपण?”

“आपण आकडे वाचतोय.”

“मग मोठ्याने वाच,” बाई म्हणाल्या. “आत्ता तरी इथे कुणी नाही.”

भिंगरीने एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग गाडीला जोरात धक्का दिला आणि निवेदिकेच्या खणखणीत आवाजात सुरू झाली. “तर प्रेक्षकहो, शर्यतीला सुरुवात झाली आहे! इतिहासाने वळण घेतलं आहे, भूगोल मागे पडला आहे, आणि हे काय, हे काय, पाककृतींच्या पुस्तकाने सगळ्यांना मागे टाकून थेट खालच्या फळीवर उडी घेतली आहे!” कुरकुरणारं चाक कुरकुरत होतं, पुस्तकं धपाधप जागेवर बसत होती आणि बाई टेबलामागून मधूनमधून टाळी वाजवत होत्या. गाडी रिकामी झाली तेव्हा भिंगरीला घाम आला होता आणि सगळा कंटाळा कुठल्या कुठे पळाला होता.

तेव्हापासून तिला युक्ती सापडली. शनिवारी आलं की शर्यत. रविवारी सकाळी दार उघडायच्या आधी पुन्हा शर्यत. कुणी पुस्तक परत केलं रे केलं की भिंगरी ते झडप घालून उचलायची आणि शाई वाळायच्या आत कपाटात पोचवायची. दारातून येणाऱ्याला “या, या!” म्हणायची, जाणाऱ्याला “पुन्हा या हं!” म्हणायची. ढकलगाडी आरशासारखी चकचकीत. बाई गाडीच्या रिकाम्या फळीवरून बोट फिरवून म्हणायच्या, “इतक्या वर्षांत रविवारी ही अशी कधी दिसली नव्हती.” भिंगरीला आभाळ ठेंगणं व्हायचं.

एकच गोष्ट डोक्यात शिरत नव्हती. माणसं कमी होत होती.

टेलरकाकू यायच्या, बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान अजून तसंच. दारातून गाडीकडे बघायच्या, “हं” असा सुस्कारा टाकायच्या, एखाद्या कपाटापुढे जरा घुटमळायच्या आणि निघून जायच्या. बसचे ड्रायव्हरकाका रविवारी दुपारच्या सुटीत यायचे, गाडीभोवती एक फेरी मारायचे, गाडीच्या दांड्यावर दोनदा टिचकी मारायचे आणि परत फिरायचे. पोस्टमास्तर आजोबा तर वर्तमानपत्रावरच थांबले.

“पुस्तक नाही घेत, काकू?” भिंगरीने एकदा अगदी गोड हसून विचारलं.

“बघते गं,” टेलरकाकू म्हणाल्या. “काही सुचत नाहीये बघ हल्ली.”

भिंगरीने काय केलं? आणखी जोरात हसली. आणखी जोरात शर्यत लावली. कपाटांच्या काचा पुसल्या, खुर्च्या सरळ केल्या, स्वच्छतेचा नुसता धडाका लावला. आणि पुढच्या रविवारी आणखी कमी माणसं आली. बाईंच्या शिक्क्याची शाईची गादी उघडी राहून सुकायला लागली होती, ते भिंगरीला दिसत होतं.

शेवटच्या रविवारच्या आधीचा तो रविवार. आदल्या संध्याकाळी उशिरा बरीच पुस्तकं परत आली होती, आणि तशात भिंगरी उठली उशिरा. त्यामुळे दार उघडलं तेव्हा गाडी चिक्कार भरलेली. “पंधरा मिनिटांत उडवते!” असं म्हणून तिने गाडी पळवली आणि दाराजवळच्या वळणावर ते कुरकुरणारं चाक एकदम आडवं झालं. गाडी ऐन दाराशी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. भिंगरीने खांदा लावला, ढुंगण लावलं, एक लाथही घातली. गाडी ढिम्म.

“बाबांकडे तेलाची कुप्पी आहे!” ती ओरडली आणि घराकडे सुसाट सुटली.

कुप्पी घेऊन धापा टाकत परत आली, आणि दारातच तिची पाचावर धारण बसली. गाडीच्या वरच्या फळीवरच्या पुस्तकांत भगदाड पडलं होतं. मधली अर्धी रिकामी.

“चोर!” भिंगरी किंचाळली. “बाई, चोर!”

“हळू गं बाई,” गाडीपलीकडून टेलरकाकू म्हणाल्या. “चोर नाही, रांग आहे.”

खरंच रांग होती. देवघेवीच्या टेबलापुढे टेलरकाकू, त्यांच्यामागे त्यांची जाऊ, ड्रायव्हरकाका, कडेवर लेकरू घेतलेली एक बाई आणि पोस्टमास्तर आजोबा, सगळे हातात पुस्तकं घेऊन उभे. बाईंचा शिक्का खाडखाड पडत होता.

“पण ही सगळी तर गाडीवरची…” भिंगरी म्हणाली.

“मग? गाडीवरचीच चांगली,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “कपाटात गेलं की सगळी पुस्तकं सारखीच दिसतात हो. नुसत्या पाठी. कुठल्या पाठीवर थाप मारू? गाडीवर असतं ते कुणीतरी आत्ताच वाचून आणलेलं असतं.”

“आणि मला ते कुणी आणलं तेही कळतं,” टेलरकाकू म्हणाल्या. “दारात पाहिलेलं असतं ना. त्या फुलवालीनं आणलं म्हणजे मी डोळे मिटून घेते. तिची आवड माझ्यासारखी, जरा रडकी. पण हल्ली मेली गाडी कायम रिकामी! म्हटलं, लोकांनी वाचणंच सोडलं की काय.”

भिंगरीच्या हातातली तेलाची कुप्पी तिरकी झाली आणि बुटावर एक थेंब पडला. तिला एकदम सगळं दिसलं, आईच्या एक्स-रेसारखं, आरपार. तिची शर्यत. तिचा धडाका. ती चकचकीत रिकामी गाडी. रविवार वाचवायचा म्हणून कंबर कसली आणि रविवारचं पोटच रिकामं केलं!

तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून ती गाडीखाली शिरून चाकाला तेल घालू लागली. तेल घालता घालता तिला लाज वाटली, मग राग आला, आणि मग, काय सांगावं, गाडीखालीच तिला हसू फुटलं. चूक सापडली होती. चूक सापडली म्हणजे ती दुरुस्त होणार, हे लिफ्टवाल्याच्या मुलीला नव्याने सांगायची गरज नव्हती.

माणसं गेल्यावर ती टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

“बाई, पुढच्या रविवारी गाडी रिकामी करायची नाही.”

“म्हणजे?”

“भरून ठेवायची. दारात. शुक्रवारपासूनची सगळी पुस्तकं.”

बाईंचे ओठ खट्ट मिटले. पूर्वीचं कुलूप. “अध्यक्ष येणार त्या दिवशी? दारात पसारा?”

“पसारा नाही हो, बाई. लोकांना तेच हवंय.”

“अगं, गाडी भरलेली राहिली की मला रात्री झोप लागत नाही. मी नवीन होते तेव्हापासून. माझ्या बाईंनी मला हेच शिकवलं.”

“तुमच्या बाई रविवारी यायच्या?”

“रविवारी तेव्हा बंद असायचं.”

“मग त्यांना कसं कळणार?”

बाईंनी शाईच्या गादीवर बोट टेकवून पाहिलं. कितीतरी रविवारांनी ती ओली होती.

“आणि ते रागावले तर?”

“तर सांगा, पोरीने आळस केला. माझ्यावर ढकला,” भिंगरी म्हणाली. “नाहीतरी रविवार बंद झाला तर मी जाणारच आहे. जाता जाता माझं नाव खराब झालं तर झालं.”

“तुझ्यावर कशाला ढकलू?” बाई जरा चिडूनच म्हणाल्या. “ग्रंथालय माझं आहे. ठेव भरून.”

तो आठवडा भिंगरीने कसा काढला ते तिचं तिला माहीत. वर्गात गणित चालू असताना तिला फळ्याच्या जागी गाडीच्या फळ्या दिसायच्या. शनिवारी तिने परत आलेलं प्रत्येक पुस्तक गाडीवर लावलं, पण नुसतं लावलं नाही. परत करणाऱ्या प्रत्येकाला “कसं होतं?” विचारलं. “शेवटी कुत्रा मरतो, मला आवडलं नाही,” एक छोटा मुलगा म्हणाला. “दोन रात्री झोपले नाही,” फुलवाली म्हणाली. भिंगरीने सगळं डोक्यात साठवलं. हात शिवशिवत होते, पाय शर्यतीला वळवळत होते, पण तिने एकही पुस्तक कपाटात जाऊ दिलं नाही. बाई जाताना गाडीकडे न बघता, तोंड वळवून बाहेर पडल्या.

रविवारी सकाळी अध्यक्ष आले. उंच, हात पाठीमागे बांधलेले. दारातच त्यांना गाडी आडवी आली. त्यांनी तिच्या दांड्यावर बोटाच्या पेराने टक् टक् वाजवून पाहिलं.

“बाई, हे काय? कामं पडून राहिलीत?”

“ते मुद्दाम आहे,” बाई म्हणाल्या. आवाज जरा कापला, पण शब्द पुरा बाहेर आला.

“मुद्दाम?” अध्यक्ष खुर्ची ओढून बसले. वाचनकक्षात पोस्टमास्तर आजोबा एकटे. घड्याळाची टिकटिक. कुणीच येईना. बाहेर रस्ता मोकळा. अध्यक्ष वर पंख्याकडे पाहायचे, मग रिकाम्या खुर्च्यांकडे, मग पुन्हा पंख्याकडे.

आणि मग दारात अंगुस्तान चमकलं.

“भरली का गं गाडी?” टेलरकाकूंनी बाहेरूनच आवाज दिला. मागे जाऊ होती, जावेच्या मागे तिची बहीण, आणि शिवणाच्या दुकानातल्या दोन मुली. “तू म्हणालीस तसं मी सगळ्यांना सांगितलंय, आज गाडी भरलेली असेल म्हणून!”

“भरलीय, काकू! हे बघा, हे फुलवालीने आणलंय, दोन रात्री झोपल्या नाहीत त्या!”

“आण इकडे. मलाही झोपायचं नाही.”

ड्रायव्हरकाका आले, ते आपल्या कंडक्टरला घेऊन. कडेवरचं लेकरू आलं, त्याच्यासोबत त्याच्या अख्ख्या इमारतीतली पोरं. “यातला कुत्रा मरतो, आधीच सांगते,” भिंगरी म्हणाली, तर दोन मुलं त्याच पुस्तकासाठी भांडायला लागली. आणि काडी आणि वकीलही आल्या, ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल.

“आम्ही फक्त बघायला आलोय,” वकील म्हणाली.

“बघा की. गाडीवरचं हे बघ, यात एक बाई सगळ्या जगाशी भांडते.”

“कुठे? दाखव.”

गाडीभोवती इतकी दाटी झाली, की भिंगरी मध्ये अडकली आणि तिथूनच निवेदन करू लागली. कोण काय घेऊन गेलं, कोणतं उरलं, कोणतं कुणी रडत परत केलं. बाईंचा शिक्का खाडखाड, खाडखाड. परत आलेली पुस्तकं टेबलावरून थेट गाडीवर आणि गाडीवरून थेट कुणाच्या तरी हातात.

या गडबडीत अध्यक्ष कधी उठले ते कुणाला कळलं नाही. ते गाडीच्या कोपऱ्यात उभे होते आणि त्यांच्या हातात एक प्रवासवर्णन होतं. एक पान उलटलं, मग दुसरं. पाठीमागे बांधलेले हात केव्हाच सुटले होते.

“साहेब,” ड्रायव्हरकाका म्हणाले, “घेताय की नुसतं धरलंय? घेणार नसाल तर मला हवंय.”

“घेतोय, घेतोय,” अध्यक्ष पुस्तक छातीशी धरून म्हणाले आणि रांगेत उभे राहिले. टेलरकाकूंच्या जावेच्या मागे. पाळी आली तेव्हा बाईंनी हात पुढे केला.

“कार्ड?”

अध्यक्षांनी खिसे चाचपले. एक खिसा, दुसरा खिसा. मग त्यांचा चेहरा असा झाला, की भिंगरीने ओठ दाताखाली दाबून धरले.

“माझं कार्ड… नाहीये बहुतेक.”

“हरवलं?”

“काढलंच नव्हतं कधी.”

मग पोस्टमास्तर आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, “अध्यक्ष आहात ना हो तुम्ही?” आणि अख्खा वाचनकक्ष हसला. लेकरूसुद्धा. अध्यक्षही हसले, आधी कानशिलं लाल करून आणि मग मोकळे.

“भिंगरी,” बाई म्हणाल्या, “साहेबांना सभासद करून घे.”

भिंगरीने नवं कार्ड काढलं आणि आपल्या सुंदर अक्षरात भरलं. अध्यक्षांनी ते वाजवून पाहिलं नाही. पाकिटात नीट ठेवलं. दुपारी जाताना त्यांनी गर्दीकडे एकदा नजर फिरवली आणि बाईंना म्हणाले, “रविवार राहू द्या. आणि एवढ्या माणसांत तुम्ही एकट्या पुरणार नाही. ही मुलगी कायम येईल का, विचारा.”

“तुम्हीच विचारा,” बाई म्हणाल्या. “ती समोरच आहे. आणि तिला बोलता येतं.”

भिंगरी बोलली. काय बोलली, ते ग्रंथालयाच्या दारापर्यंत, दारावरून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून जवळजवळ घरापर्यंत ऐकू गेलं असावं.

घरी आई-बाबा जेवायला तिची वाट बघत होते. ताटं मांडलेली. बाबांनी क्लासच्या सरांशी बोलून ठेवलं होतं, ते त्यांच्या घसा खाकरण्यावरूनच कळत होतं.

“बस,” आई म्हणाली. “हात धू. केसांत काय आहे ते? धूळ?”

भिंगरी बसली नाही. तिने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली, श्वास घेतला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली:

“आई, बाबा, ग्रंथालयाचा रविवार राहिला. मी तिथे कायमची लागले. शनिवार आणि रविवार, नव्या सत्रातही. गणिताचा क्लास मला आठवड्यातल्या संध्याकाळी लावा, मी एकही दिवस बुडवणार नाही. गणितात घसरले तर मला कान धरून विचारा, मी उत्तर देईन. पण हे मी विचारत नाहीये, बाबा. ठरवून आलेय, आणि तुम्हाला सांगतेय.”